ताईचा जबाब

आमच्या घरात थापा मारायला कुणाला शिकवावं लागलं नाही. एक थाप मात्र मी सगळ्यांना समोर बसवून शिकवली होती, आणि ती इतकी चोख शिकवली की तिच्यापायी माझ्या धाकट्या भावाची नोकरी जायची वेळ आली.

थाप अशी होती, की ऐन उमेदीतली ती काही वर्षं धाकटा आमच्या काकांकडे होता. काकांचा मालवाहू गाड्यांचा धंदा होता, त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून हा मदतीला गेला. यातले काका खरे होते, गाड्याही खऱ्या होत्या. गुडघे मी घातले. नुसतं ‘काकांकडे होता’ म्हटलं की लोक पुढे विचारतात, का बरं? गुडघे म्हटले की कुणी काही विचारत नाही, उलट स्वतःच्या गुडघ्यांचं सांगायला लागतात. आईला, आमच्या ह्यांना, दोन्ही आत्यांना मी हे पाठ करून घेतलं होतं. काका पुढे वारले, तेव्हा वाईट वाटलं आणि मनातल्या मनात हायसंही वाटलं. आता कुणी त्यांना जाऊन विचारणार नव्हतं.

खरं असं होतं, की धाकटा तुरुंगात होता, आणि तिथून सुटल्यावर व्यसनमुक्ती केंद्रात. तो औषधांच्या एका मोठ्या गोदामात कामाला होता. पाठ दुखते म्हणून सुरू केलेल्या गोळ्या सुटेनात. त्या नाही मिळाल्या की त्याचे हात थरथरायचे, घाम फुटायचा, डोळ्यांत कुत्र्यासारखी लाचारी यायची. शेवटी त्याने गोदामात शिरायचा आपला पास बाहेरच्या दोन माणसांना दिला. गोळ्यांच्या बदल्यात. त्यांनी गोदाम फोडलं आणि आडव्या आलेल्या पहारेकऱ्याच्या डोक्यात लोखंडी नळी घातली. पहारेकरी वाचला. धाकटा पकडला गेला, आणि त्याने एक अक्षर नाकारलं नाही.

त्यानंतर त्याने गोळीला हात लावला नाही. केंद्रातून बाहेर पडल्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केला, रेडिओ आणि मायक्रोवेव्ह दुरुस्त करत बसला, आणि मग विमानांना वाट दाखवणाऱ्या केंद्रात त्याला जनरेटरवर काम मिळालं. त्या केंद्राच्या आवाराला आतून आणखी एक कुंपण आहे. बाहेरच्या भागात जनरेटर, पंप, वाहनतळ. आतल्या भागात रडारची आणि वैमानिकांशी बोलायची यंत्रं. धाकटा बाहेरच्या भागातला. पण त्याचा हात चांगला, डोकं त्याहून चांगलं, म्हणून त्याच्या साहेबांनी आतल्या यंत्रखोलीसाठी त्याचं नाव पुढे केलं. आत जायचं तर सुरक्षा खात्याचा क्लिअरन्स लागतो. माणसाचा सगळा मागचा इतिहास उकरून काढतात, घरच्यांना विचारतात, शेजारच्यांना विचारतात, आणि मग ठरवतात की याच्या हातात आतला पास द्यायचा की नाही. ज्याने एकदा पास विकला होता, त्याच्या.

धाकटा मला सांगायला आला होता. म्हणाला, मी सगळं लिहून दिलंय, माणसं चौकशीला येतील, विचारतील ते सांग. मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, लिहिलं असेल बिचाऱ्याने, नियमच असेल तसा. पण कागदावर लिहिणं वेगळं आणि बहिणीने तोंडाने सांगणं वेगळं. डाग असला तर तो घरच्यांनी झाकायचा असतो, अशी माझी पक्की समजूत. मला कुणी ती शिकवली नाही, आणि कुणी खोडूनही काढली नाही.

चौकशी अधिकारी म्हणून एक बाई आल्या. पिकलेले केस मागे घट्ट बांधलेले, पायात सपाट बूट, आवाजात ना गोडवा ना कडवटपणा. मी पुढे केलेला चहा त्यांनी बाजूला सरकवला आणि तो गार होईपर्यंत तिथेच राहिला. आधी बालपण, शाळा, स्वभाव असं विचारलं. मग त्याच सुरात विचारलं, की मधली ही वर्षं तुमचे बंधू कुठे होते? माझं तोंड माझ्याआधी उघडलं. काकांकडे होता, म्हटलं. त्यांचे गुडघे धरले होते.

“गुडघे,” बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, “नक्की?”

“नक्की म्हणजे काय, मी स्वतः त्याची बॅग भरून दिली.” हे मी त्या क्षणी नवीनच घातलं. मला माझंच कौतुक वाटलं.

त्याच दिवशी बाई धाकट्याच्या घरी गेल्या. आई त्याच्याकडेच राहते. आईने बाहेरच्या खोलीत बसून गुडघे सांगितले. आमच्या ह्यांना त्यांनी ऑफिसात गाठलं, तर ह्यांनी गुडघे तर सांगितलेच, वर कुठला जास्त दुखायचा तेही सांगितलं. डावा. संध्याकाळी आम्ही एकमेकांना फोन करून सगळं जुळलं म्हणून खूश झालो.

धाकटा आला तो पुढच्या आठवड्यात, कामाच्या कपड्यांतच. बसला नाही. पाणी दिलं तर ग्लास हातात धरून उभा राहिला.

“ताई, काकांचे गुडघे कशाला सांगितलेस?”

मी म्हटलं, अरे मग काय सांगायचं होतं, चारचौघांत सांगण्यासारखं आहे का ते?

“चारचौघं कुठे होते? एकट्या बाई होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. इथे यायच्या आधीच माहीत होतं, मीच सांगितलेलं.”

“मग विचारायचं कशाला?”

“तू काय सांगतेस ते बघायला.”

मग त्याने एकेक करत सांगितलं. साहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं. जुना गुन्हा जुना झाला, असं चौकशीत म्हटलं होतं. तपासण्या स्वच्छ होत्या, व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरांनी चांगलं लिहिलं होतं, कामाबद्दल तक्रार नव्हती, आणि त्याने स्वतः काही दडवलं नव्हतं. अडलं होतं ते आमच्यापाशी. तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी एकच थाप त्याच शब्दांत सांगितली. अधिकारी बाईंचं म्हणणं असं, की हे घर त्याच्यासाठी एवढं शिस्तीत खोटं बोलतं, तर उद्या तो परत घसरला तरी हे घर असंच शिस्तीत खोटं बोलेल. आणि कुणी येऊन म्हणालं, की तुमच्या भावाचं जगाला सांगू, नाहीतर आमचं एवढं काम करा, तर ही माणसं घाबरून काहीही करतील.

“फाईल थांबलीय,” तो म्हणाला. “तुला परत बोलावतील. तो जबाबही असाच निघाला तर आतलं काम सोड, बाहेरचा पासही काढून घेतील. मला आवारात पाय ठेवता येणार नाही.”

म्हणजे जनरेटरसुद्धा जाणार. या वयात, हा इतिहास घेऊन, त्याला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? मी विचारलं, की तुझ्या बायकोने काय सांगितलं? माझ्या मते भावजयीला यातलं काही ठाऊक नव्हतं. स्थळ बघायला गेलो तेव्हा तिच्या घरच्यांना काकांची गोष्ट मीच सांगितली होती.

“तिने खरं सांगितलं. तुरुंगात होता म्हणाली.”

“तिला माहीत आहे?”

“लग्नाआधीच सांगितलं होतं मी. तिच्या वडिलांनाही.”

मी खाली बसले. इतकी वर्षं मी तिच्यासमोर काकांच्या गुडघ्यांना तेल चोळण्याच्या गोष्टी रंगवून सांगत होते, आणि ती भाजी चिरता चिरता “हो का ताई” म्हणत होती. एकदासुद्धा हसली नाही. माझी लाज राखायला सगळं घर माझ्या थापेत सामील झालं होतं, आणि मला वाटत होतं की मी त्याची लाज राखतेय. राग आला मला, सगळ्यांचाच, आणि सगळ्यात जास्त त्या भाजी चिरणाऱ्या मुलीचा. तो राग किती अस्थानी होता ते तेव्हाही कळत होतं, पण आला.

मग मी ताईसारखं कामाला लागले. म्हटलं, बरं, झालं ते झालं, आता मी काय सांगू ते नीट सांग. कुठून सुरुवात करू, किती सांगू, काय गाळू.

धाकट्याने ग्लास टेबलावर ठेवला. पाणी तसंच होतं.

“मी शिकवणार नाही,” तो म्हणाला. “शिकवलेलं बोलण्यात आपलं घर आधीच पटाईत आहे.”

ओरडला असता तर बरं झालं असतं. लहानपणी मी त्याच्या पाठीत धपाटे घातलेत, तोही मला चावलाय. असा हळू आवाजात बोलणारा तो मला परका वाटला. तो गेला आणि जिन्यावरचे त्याचे पाय ऐकू येईनासे होईपर्यंत मी दारातच उभी होते.

पुढचे दिवस जीव टांगणीला लागला होता. आईचा फोन आला की रडणंच. तिचं म्हणणं, त्या बाईंना ऐकायला चुकलं असं सांग. मी म्हटलं, तिघांचं ऐकायला चुकलं? तर म्हणाली, मग मला विसरायला होतं असं सांग, म्हाताऱ्या माणसाचं कोण मनावर घेतं. म्हणजे आणखी एक गोष्ट रचायची. मी तिच्यावर खेकसले आणि मग तासभर स्वतःला शिव्या दिल्या, कारण तिला हे वळण लावलं कुणी? आमचे हे मला धीर द्यायला म्हणाले, की मी आपला डावा गुडघा मागे घेतो. एरवी मी हसले असते.

मी बाथरूममध्ये आरशासमोर उभी राहून खरं बोलायचा सराव करून बघितला. माझा भाऊ तुरुंगात होता. किती सोपं वाक्य आहे. माझ्या तोंडून ते पाठ केलेल्या कवितेसारखं यायला लागलं, तेव्हा मी सराव बंद केला.

बोलावणं आलं त्या दिवशी मी एकटीच गेले. सरकारी इमारत, बाहेरून कुठल्याही विमा कचेरीसारखी दिसणारी. दारातल्या माणसाने फोन काढून घेतला आणि एका लहानशा कप्प्यात ठेवला, गळ्यात ‘पाहुणा’ लिहिलेला पास अडकवला आणि सांगितलं, की हा बाहेर जाताना परत करायचा, कुणाला द्यायचा नाही. तो सगळ्यांनाच सांगत असणार. मला मात्र आमच्या घरासाठीच सांगितल्यासारखं वाटलं.

खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जग, आवाज टिपायचं यंत्र. कुठल्यातरी नळीतून गार हवा माझ्या मानेवर येत होती आणि खुर्ची सरकवावी तर ती जमिनीला स्क्रूने पक्की केलेली. अधिकारी बाई आल्या, तारीख-वेळ बोलल्या आणि म्हणाल्या, की सुरुवातीपासून पुन्हा. तुमचे बंधू ती वर्षं कुठे होते?

“तुरुंगात,” मी म्हटलं. आवाज फाटला. “आणि मग व्यसन सोडवायच्या केंद्रात. काकांचे गुडघे ठणठणीत होते.”

बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. का खोटं बोललात, हे विचारलं. मी म्हटलं, लाज वाटली. कुणाची? म्हटलं, लोकांची. कुठल्या लोकांची, नावं सांगा. मी शेजारणीचं नाव सांगितलं, सासरच्या दोघांची सांगितली आणि मग थांबले, कारण पुढे नाव सुचेना. इतकी वर्षं ज्या लोकांना मी घाबरत होते ते मोजून तीन निघाले, आणि त्यातल्या एक बाई वारल्या होत्या.

ज्या पहारेकऱ्याला मार लागला त्यांचं नाव माहीत आहे का, असं बाईंनी विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांचं पुढे काय झालं? तेही माहीत नव्हतं. भावाने सांगितलं नाही का? मी म्हटलं, तो एकदा सांगायला लागला होता, मीच त्याला गप्प केलं. हे बोलताना मला पहिल्यांदा त्या माणसाचं डोकं डोळ्यांसमोर आलं, केस, टोपी, सगळं. बाईंनी लिहून घेतलं. 

“तो परत गोळ्या घेताना दिसला तर काय कराल?”

“आधी थोबाडीत देईन.”

“आणि मग?”

मी टेबलावरच्या जगमधलं पाणी ओतून घेतलं. खरं सांगायचं ठरवून आले होते, पण हे खरं मला स्वतःलाच माहीत नव्हतं. त्याला घरात कोंडून ठेवीन? आईला सांगू नका म्हणीन? काकांचे कुठले नवे अवयव शोधून काढीन? मग मला तो तेव्हाचा आठवला, गोळी न मिळाल्यावर भिंतीला डोकं टेकून बसलेला. तेव्हाही मी शेजारी ऐकतील म्हणून रेडिओ मोठा केला होता.

“मग तुम्हाला फोन करीन,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की म्हणणार नाही. मागच्या वेळी नक्की म्हटलं होतं. पण करीन.”

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच जरा जास्त वेळ. मग समोरचे कागद मागे उलटले, एका पानावर थांबल्या आणि बोट ठेवून काहीतरी वाचलं.

“तुमचा त्यांच्यावर विश्वास आहे?”

“आहे.” हे लगेच आलं.

“ते तुमच्या घरी येतात, तेव्हा तुम्ही काही वेगळं करता का?”

हे कुणालाच माहीत नव्हतं. आईला नाही, आमच्या ह्यांना नाही. धाकट्याने बेल वाजवली की मी आधी आतल्या खोलीत जाते. कपाटाला कुलूप लावते, किल्ली खिशात टाकते, आणि मग दार उघडते. त्या गोळ्यांच्या काळात आईच्या बांगड्या गेल्या, माझं घड्याळ गेलं. तेव्हा लावलेली ही सवय तो सुधारल्यावरही सुटली नाही. त्याच्या हातची दुरुस्त केलेली यंत्रं मी घरभर वापरते, माझी मुलगी त्याच्या भरवशावर परगावी जाते, त्याच्यासाठी मी मूत्रपिंड काढून देईन, आणि तो आला की कुलूप लावते.

हे सांगावं तर सख्ख्या बहिणीचाच विश्वास नाही, असं त्या यंत्रात कायमचं राहणार. मग याच्या हातात आतला पास कोण देईल? माझ्या एका वाक्याने तो जनरेटरपासूनही तुटणार होता. आणि ‘काही नाही’ म्हणणं किती सोपं होतं. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो, माझ्या कपाटाचं कुणाला काय कळणार होतं? ‘काही नाही’ अगदी जिभेच्या टोकावर आलं. त्याची चव मला ओळखीची होती, गुडघ्यांसारखीच.

“कपाटाला कुलूप लावते,” मी म्हटलं.

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“गेल्या वेळीही?”

“गेल्या वेळी तो मला जाब विचारायला आला होता. बसलासुद्धा नाही. तरी लावलं.”

“म्हणजे विश्वास नाही.”

“माझा जीव आहे त्याच्यावर.”

“मी जिवाचं विचारलं नाही.”

मला संताप आला. म्हटलं, “विश्वास आहे, आणि कुलूपही लावते. दोन्ही खरं आहे. तुमच्या कागदावर एकाच गोष्टीला जागा असेल तर तुमचं तुम्ही बघा.” एवढं बोलून मी रडले, नाक पुसायला रुमाल नव्हता, आणि बाईंनी यंत्र बंद न करता कागदी रुमालांचं खोकं माझ्याकडे सरकवलं. जबाब संपला, असं त्या म्हणाल्या. निकाल तुम्हाला कळवला जाणार नाही, बंधूंना कळवला जाईल.

घरी येताना मला एकच दिसत होतं, की धाकटा आवाराच्या फाटकापाशी उभा आहे आणि पहारेकरी त्याच्या गळ्यातला पास काढून घेतोय. त्याला फोन करायची छाती झाली नाही. त्याचाही आला नाही. आई विचारायची, काय सांगितलंस? मी म्हणायचे, खरं. ती म्हणायची, सगळं? आणि मी म्हणायचे, तेच तर चुकलं.

तो आला तेव्हा दुपार टळत होती. बेल वाजली ती त्याचीच, दोनदा तुटक वाजवायची त्याची जुनी खोड. मी सवयीने आतल्या खोलीकडे वळले आणि अर्ध्यावर थांबले. नको, म्हटलं. याची भाकरी काढून घ्यायला हे कुलूप पुरलं, आता आणखी नको. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं, कुलूप कडीला नुसतं लटकत होतं. ते तसंच सोडून मी सरळ जाऊन दार उघडलं.

तो दचकला. एक पाऊल मागे सरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग आत येऊन बसला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, की मिळाला क्लिअरन्स. वर्षभरासाठी. मध्येच केव्हाही रक्त तपासतील, सुरुवातीला यंत्रखोलीत एकट्याने थांबायचं नाही, आणि वर्षाने पुन्हा सगळी चौकशी.

मला ते नीट कळलंच नाही. म्हटलं, थांब, आधी मला सांगू दे, मागाहून कळलं तर तुला जास्त लागेल. मी त्यांना कुलपाचं सांगितलं. तू आलास की मी कपाट बंद करते, इतकी वर्षं, दर वेळी. तुझा पास गेला असता माझ्यामुळे.

“मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“त्यांनी सांगितलं?”

“ताई, बेल वाजवली की मी बाहेर उभा असतो. आधी तुझे पाय आत जातात, मग कपाट कुरकुरतं, मग तू येतेस. आज लगेच दार उघडलंस, मला वाटलं कुणी आजारी आहे की काय.”

त्यानेच पुढे सांगितलं, जमिनीकडे बघत. पहिल्या मुलाखतीत अधिकारी बाईंनी त्याला विचारलं होतं, की तुम्ही परत घसरलात तर सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येईल?

“मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या. मी आलो की ती अजून कपाटाला कुलूप लावते. बाकीच्यांनी लक्ष ठेवणं सोडून दिलं, तिने नाही सोडलं. तिला विचारा.”

“आणि मी त्यांना गुडघे सांगितले.”

तो हसला. मीही हसायला गेले, पण ते जमलं नाही, तोंडावर हात दाबून मी रडत राहिले आणि तो लहानपणी करायचा तसा माझ्या दंडाला डोकं घासत शेजारी बसून राहिला. माणसावर लक्ष ठेवण्याची मला शरम वाटत होती, आणि त्याने त्या लक्ष ठेवण्याच्याच भरवशावर माझं नाव पुढे केलं होतं. तेही मी माझ्या हाताने जवळजवळ घालवलंच होतं.

थोड्या वेळाने त्याने मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. अर्धवट उघडं कपाट बसल्या जागेवरून दिसत होतं.

“ते लावून ये,” तो म्हणाला.

“आता कशाला?”

“वर्षाने त्या परत विचारतील. मी परत तुझंच नाव सांगणार आहे.”

मी उठले. कपाटाचं दार लोटलं, कडी घातली. आजवर आवाज होऊ नये म्हणून मी ते कुलूप तळव्यात धरून हळूच दाबायचे. त्या दिवशी दाबलं ते सरळ, खट्‌कन, बाहेर ऐकू जाईल असं.

“आता चहा टाक,” बाहेरून तो म्हणाला.